पाठमोरी

त्या दुपारी मी कोलशेतला मावशीकडे गेलेलो तो फक्त कपडे पोचवायला. रतनच्या बायकोने, शकूवहिनींनी, डोंबिवलीहून दोन धुतलेले सदरे, एक पायजमा आणि कुळथाच्या पिठाची पुरचुंडी माझ्याकडे दिलेली. "यांना पिठलं आवडतं. मावशींना सांगा, घट्ट नको," एवढंच म्हणाल्या. माजिवड्यापर्यंत टांगा मिळाला, पुढे उन्हातून पायी. बसा जरा जवळ. हे मोठ्याने सांगावंसं वाटत नाही.

रतन आणि मी ठाण्यातल्या एका मुलांच्या साप्ताहिकात चित्रकथा करायचो. गोष्ट माझी, चित्रं त्याची. चोपन्न साल असेल. खाडीकाठी हुंदडणाऱ्या दोन भावांची गोष्ट, अगदी हसतीखेळती. रतनचा हात असा की त्याने काढलेला खेकडा कागदावरून चालत जाईल असं वाटायचं.

एका आठवड्यात त्याने पान आणून दिलं, तर शेवटच्या चौकटीत मागे, दूर बांधावर, एक बाई उभी. पाठमोरी. केस मोकळे, लुगडं ओलं होऊन अंगाला चिकटलेलं.

"ही कोण रे? मी तर लिहिली नाही."

"काय माहीत. जागा उरलेली, हात गेला."

पुढच्या अंकात ती होतीच. त्याच्या पुढच्यातही. दर वेळी जरा मोठी, म्हणजे जरा जवळ. मुलांना ती फार आवडली. आमचे संपादक अण्णा खूश झाले. म्हणाले, "राहू दे तिला. सुट्टीच्या अंकात चेहरा दाखवू."

तिथून रतन उतरत गेला. गालांची हाडं वर आली. बोलता बोलता मध्येच थांबायचा, कोणी हाक मारल्यासारखा. एकदा कचेरीत, भर दुपारी, माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "पंढरी, मी तिला काढत नाही रे. मी चौकट आखतो, तेव्हा ती आत असतेच. मी फक्त वरून शाई फिरवतो..."

"झोप नीट. दुसरं काही नाही."

"मला वेड लागतंय का रे?"

मी नाही म्हणालो.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही, हे मात्र सांगायला हवं. रतनसुद्धा नाही. तो मुद्दाम चौकटी गच्च भरायला लागला. झाडं, होड्या, जत्रेतली माणसं, बोटभर जागा मोकळी ठेवायची नाही. मग ती गर्दीत दिसायची. सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि एकटीच पाठ करून उभी. डोंबिवलीतल्या डॉक्टरांकडे त्याला नेला. माणूस समजूतदार. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, "दिवे लागले की ब्रश खाली. जेवण माणसांत बसून. झोपायच्या खोलीत कागदाचा कपटाही नको." वहिनींनी सगळं पाळलं. वाण्याच्या पुड्यासुद्धा दाराबाहेर सोडून सामान डब्यात भरायच्या. एका पहाटे त्यांनी पाहिलं, रतन ओल्या बोटाने फरशीवर चौकटी आखत होता. डोळे मिटलेले.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, महिनाभर काम बंद. जागा बदला. म्हणून मी त्याला माझ्या मावशीकडे, कोलशेतला ठेवला. मोकळी हवा, ताजी मासळी, आणि अख्ख्या घरात कागद नाही.

सखूमावशी ओटीवर सुकट निवडत होती. मला बघून हसली. "बरा झाला आलास. दोस्त तुजा जेवतंय, झोपतंय. फकस्त दुपारचा मिठागरान जाऊन बसतंय. कय करतंय, आमाला नाय कलत."

कपडे आणि पुरचुंडी तिच्याकडे देऊन मी तसाच निघालो.

दुपारचं मिठागर तुम्ही पाहिलंय का? पांढऱ्या ढिगांवरून ऊन डोळ्यांत घुसतं. मीठ ओढणारी माणसं जेवायला घरी गेलेली. वारा पडलेला. खाडीच्या चिखलाचा कुबट वास, आणि कुठेतरी सुकणारा गाळ तडकल्याचा बारीक आवाज. टक्... टक्... पाण्यावर एक बगळा नाही.

शेवटच्या बांधावर रतन बसला होता. पलीकडे एक पडीक वाफा, होळीपासून पाणी न सोडलेला. त्या सबंध वाफ्यात, गाळावर काठीने आखलेल्या चौकटी. एकीला एक लागून, रांगेमागे रांग. माझ्या बाजूच्या जुन्या, सुकून भेगाळलेल्या. प्रत्येकीत ती.

मी बांधावरून चालायला लागलो. पहिल्या रांगेत तिची पाठ. दुसरीत मान किंचित वळलेली. मग कान दिसायला लागला. मग गालाची कड... मी नजर पायाखाली धरली आणि तसाच रतनपर्यंत गेलो.

त्याच्या पुढ्यात शेवटची चौकट होती. बाकी सगळ्यांहून मोठी, माणूस उभं राहील एवढी. आणि रिकामी. आतला गाळ मात्र ओला होता. काळा, चकचकीत, आत्ताच भरतीचं पाणी निघून गेल्यासारखा.

"रतन... ही रिकामी का?"

त्याने वर पाहिलं. हसला. किती दिवसांनी, अगदी पूर्वीसारखा हसला. मला वाटलं, देवा, बरा झाला हा.

"सुटलो रे, पंढरी," तो म्हणाला. "गेली."

"कुठे?"

त्याने उत्तर दिलं नाही. पुन्हा कधीच दिलं नाही. तो त्याचा शेवटचा शब्द. हाताला धरून घरी आणला, मावशीने पिठलं वाढलं, ते जेवला. तेव्हापासून भरवलं की जेवतो, निजवलं की निजतो. इस्पितळात ठेवून पाहिलं, घरी आणून पाहिलं. एका डॉक्टरांनी हातात खडू दिला. तो हातातून गळून पडला, रतनला कळलंही नाही.

मी लिहिणं सोडलं. मोहन्याच्या कारखान्यात कारकुनी धरली, कल्याणला खोली घेतली. लग्न केलं नाही, एकटाच राहतो. कधी कोणी नवा चित्रकार भेटला की सांगतो, बाबा रे, दिवे लागले की ब्रश खाली ठेव, माणसांत बसून जेव. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. आमचंही नसेल. सांगतो खरा, पण सांगताना माझाच आवाज मला पोकळ वाटतो.

गेल्या रविवारी शकूवहिनी आल्या होत्या. चार वर्षांत त्या किती वाळल्यात. माझी ही खोली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. चहा घेतला. "आता मलासुद्धा ओळखत नाहीत," म्हणाल्या. मग त्या उठल्या. मी दारापर्यंत गेलो.

"येते हं, भावोजी."

"या."

चपला घालून त्यांनी पुन्हा वर पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, आत, मोरीच्या बाजूला. जरा संकोचल्या, पदर सारखा केला, आणि नव्या ओळखीच्या बाईशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "येते हं."