नानांच्या हृदयाचं दार

"असं कोणतं दार आहे, जे दिवसाला एक लाख वेळा उघडतं आणि मिटतं, पण जाऊ देतं ते एकाच दिशेला?" दवाखान्यातल्या सखाराम नावाच्या रोबोनं मला हे कोडं घातलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अगदी रडवेली झाले होते. उत्तर त्यानंच दिलं : हृदयाची झडप (रक्त पुढे सोडणारा, मागे येऊ न देणारा पडदा).

माझे नाना, म्हणजे आईचे वडील बाबालाल, मिरजेत तंबोरे बनवतात. त्यांची झडप कडक होऊन नीट उघडेनाशी झाली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची. झडप बदलणं भागच होतं. नव्या झडपा दोन प्रकारच्या असतात, बासष्टाव्या वर्षी दोन्ही चालतात, तुम्हीच विचार करून सांगा, असं डॉक्टर कोरेबाई म्हणाल्या होत्या.

सखारामनं दोन्ही नमुने माझ्या तळहातावर ठेवले. यांत्रिक झडप कठीण कार्बनची, बहुधा जन्मभर टिकणारी. पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी (रक्त सहज गोठू न देणारी) गोळी आयुष्यभर घ्यायची. दुसरी झडप ऊतीची (एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या थराची), गुरांच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणापासून केलेली. तिला ती गोळी बहुधा कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते.

नानांनी लगेच यांत्रिक निवडली. पक्का माल, एकदाच काय ते. कामात हात कापतो का, या सखारामच्या प्रश्नाला त्यांनी छातीठोकपणे 'कधीच नाही' म्हटलं होतं आणि त्यानं ते तसंच टिपून घेतलं होतं. यंत्र बिचारं भोळं.

मी नानांची मूठ उघडून दाखवली. बोटाबोटावर वण. भोपळा तासताना पटाशी लागते, जवारी (तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर कानस मारून सूर खुलवण्याचं काम) करताना कानस निसटते. आमच्या गल्लीत त्याला कुणी जखम म्हणतच नाही. चिंधी गुंडाळायची आणि कामाला लागायचं.

"ह्याला कापणं म्हणत्यात व्हय?" नाना चिडले. "हे रोजचंच हाय."

"रोजचंच आहे म्हणून तर, नाना. त्या गोळीनं रक्त लवकर थांबणार नाही. मग तुम्ही काम सोडणार?"

नानांनी मूठ मिटून घेतली. काम सुटलं तर ते उरणारच नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सखारामनं नोंद बदलली आणि प्रश्न नीट विचारला नाही म्हणून माफीही मागितली. मग त्यानं आणखी समजावलं : ऊतीची झडप झिजली, तर पुष्कळांना मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तिच्या आतच नवी बसवता येते. छाती पुन्हा उघडावी लागत नाही. नानांना ते जमेल, असं कोरेबाईंनाही वाटत होतं.

"म्हंजे जवारीगतच," नाना हळूच म्हणाले. "तारंनं घोडी झिजती, आपण परत कानस मारतो. झिजतंय म्हणून तंबोरा कोण टाकत न्हाई."

त्यांनी ऊतीची झडप घेतली. माणसाच्या स्वतःच्या पेशींपासून झडप वाढवायचे प्रयत्न चालू आहेत, असं सखाराम सांगतो. नानांची झिजेल तेव्हा कदाचित तीही तयार असेल.

बरे झाल्यावर नाना सगळ्यांचे आभार मानत सुटले : कोरेबाईंचे, सखारामचे, आणि ज्याच्यामुळे झडप मिळाली त्या मुक्या जनावराचेही. मला मात्र काहीच म्हणाले नाहीत. मला जरा रागच आला.

चार महिन्यांनी त्यांचा नवा तंबोरा तयार झाला. आमच्याकडे वाद्यावर फक्त कारागिराचं नाव घालतात. त्यावर दोन नावं होती : बाबालाल आणि आफरीन. आफरीन म्हणजे मी.