अस्तराचे टाके

पोट उघडायला मी विद्यार्थ्यांना नेहमी अख्खी दुपार देतो. छाती करवतीनं उघडते, पोट थराथरानं. कातडी, चरबी, मग तिरक्या-आडव्या धाग्यांचे स्नायूंचे तीन पापुद्रे, आणि सगळ्यांत शेवटी पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं अस्तर. ओल्या पतंगाच्या कागदाइतकं पातळ.

चौथ्या टेबलावर एक्याऐंशी वर्षांची बाई होती. देहदान केलेल्यांची नावं आम्हांला सांगत नाहीत; वय, आजार आणि मृत्यूचं कारण, एवढंच. पक्षाघात. ऑपरेशन एकही नाही. पोटावर व्रणही नव्हता. ऑक्टोबर अर्धा सरला होता, खिडकीतून अमेरिकेतल्या दुलुथ शहराचं बंदर आणि करडं सरोवर दिसत होतं. सुरी टेसच्या हातात होती. या वर्षीच्या मुलांत तिचा हात सगळ्यांत हलका.

स्नायू बाजूला सारले आणि ती थांबली.

"सर, इथं टाके आहेत."

"नसतील. कागद वाच."

"वाचलाय. तुम्हीच बघा ना."

अस्तरावर बेंबीखाली टाक्यांची ओळ होती. काळा रेशमी दोरा, एकसारखं अंतर. वरचे सगळे थर अखंड. टाके होते ते फक्त अस्तराला. गाठी कुठं दिसेनात. टेसनं कडेला बारीक चीर दिली आणि चिमट्यानं अस्तर उलटून धरलं. गाठी आतल्या बाजूला होत्या.

"एखादा सर्जन आतच राहिला असेल," तिच्या टेबलावरचा वेस म्हणाला. कुणी हसलं नाही.

मी गाठींकडे बघत होतो. मी डावखुरा आहे, माझी गाठ उलटी पडते. मी सर्जन होतो तेव्हा नर्सेस ती लांबून ओळखायच्या. या गाठी तशा होत्या.

बारा वर्षांपूर्वी सिर्का कोस्किनेन नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीचं पोट मी शिवलं होतं. साधं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डॉक्टर, आत काहीतरी उघडं राहिलंय." मी म्हणालो, "टाके दुखतायत, थांबेल दोन दिवसांत." आतड्याचं एक बारीक भोक माझ्या नजरेतून सुटलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी जिवंत माणसाला सुरी लावली नाही.

"काप टाके," मी टेसला म्हणालो.

अस्तराखाली चरबीचा एक पदर असतो, आतड्यांवर झालरीसारखा लोंबतो. पोटात कुठं फुटलं, सुजलं, की सरकत जाऊन त्या जागेला गुंडाळून घेतो. इथं तो सगळा खाली डावीकडे गोळा झाला होता. मी बोटानं उकलला. मुठीएवढी पोकळी होती. तिच्यात काही नव्हतं.

गुरुवारी चादर काढली तर अस्तर पुन्हा शिवलेलं.

टेस वेसकडे बघू लागली. "मला शर्टाचं बटण लावता येत नाही, टेस," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

दोघांना मी दुसऱ्या टेबलावर पाठवलं. हातमोजा काढला आणि टाक्यांवर बोट टेकलं.

औषधात मुरलेला देह गार असतो. हाही गारच होता.

बोटाखालचा दोरा ताणला गेला.

हळूच. मग सैल पडला.

मी चादर ओढली. त्या टेबलावर पोटाला पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.

मे महिन्यात देह देणाऱ्यांच्या घरच्यांसाठी कॉलेजात छोटा कार्यक्रम असतो. विद्यार्थी नावं वाचतात, मग कॉफी आणि वेलचीचा गोड पाव. चौथ्या टेबलाचं नाव टेसनं वाचलं: हेल्मी कोस्किनेन.

तिचा मुलगा, सिर्काचा भाऊ आर्ने, खिडकीपाशी कप घेऊन उभा होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मी त्याच्यापाशी गेलो.

"तुमच्या बहिणीचं ऑपरेशन मी केलं होतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. ती सांगत होती, मी ऐकलं नाही."

बारा वर्षांत हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. 'पोटात घाला' हे शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत.

"ओळखलं मी तुम्हांला," आर्ने म्हणाला. "तुम्ही इथं शिकवता हे आईलाही माहीत होतं. म्हणून तर इथंच यायचा हट्ट धरला तिनं."

"माझ्यासाठी?"

"काय सांगू. शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं. दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची. म्हणायची, सिर्का आतून शिवतेय. आम्ही आपलं हो म्हणायचो."

"दुखत होतं त्यांना?"

"मीही विचारायचो. तर म्हणायची, नाही रे, पोर सावकाश शिवतेय." त्यानं कप खिडकीत ठेवला. "पुरं झालं की डॉक्टरांना दाखवणार आहे म्हणे."