उन्हाळ्यात उतरलेला पाहुणा

परग्रहावरच्या पाहुण्याला गावभर हिंडवण्यात केतकी घागचा फायदा अगदी सरळ होता. त्याच्या उडत्या पाळण्यातून एक फेरी. करार तोंडी, पण पक्का. पाहुण्याच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळवून द्यायचं, आणि मग केतकीने ढगांच्या वर जाऊन खाली तळकोंड गाव मुंगीएवढं झालेलं बघायचं. शिवाय वर्गातल्या निहारिकाला असं काही कधी मिळालेलं नव्हतं, हा वरचा नफा. फेरीची बातमी ऐकून निहारिकाचं तोंड कसं होईल, ते केतकीने आरशासमोर स्वतः करूनही पाहिलं होतं.

प्रश्नही सोपाच वाटत होता. तळकोंडच्या कुंडातलं पाणी तापवतं कोण?

ही गोष्ट अजून पन्नासेक वर्षांनी घडेल तेव्हाची. परग्रहावरचे पर्यटक कोकणात यायला लागले, त्याचं तोवर कुणाला नवल राहिलेलं नव्हतं. ते समुद्र बघत, आंबे खाऊन पोट बिघडवून घेत आणि परत जात. ओमरू मात्र खास गरम पाण्याच्या कुंडासाठी आला होता. उंचीने केतकीच्या खांद्याएवढा, आकाराने तांब्याच्या हंड्यासारखा, पाय तीन. ऊब मिळाली की त्याचं अंग पिकल्या कोकमासारखं लाल होई, थंडावलं की राखेच्या रंगाचं. त्याच्या ग्रहावरचे लोक ऊब खाऊनच जगतात, आणि त्यांची वाहनंही अंगातल्या उबेवरच चालतात.

इतक्या लांबच्या प्रवासात ओमरूची ऊब सरत आली होती. वर आकाशात त्याचं मोठं यान थांबलं होतं, ते संध्याकाळी निघणार होतं. तोवर ओमरूचं अंग तापलं नाही तर पाळणा उडणार नाही, यान निघून जाईल, आणि ओमरू तळकोंडात राखेचा गोळा होऊन पडेल.

आता समोर वाफा सोडणारं कुंड होतं. उतरायचं आणि मोकळं व्हायचं! पण ओमरूच्या ग्रहावर ऊब इतकी दुर्मीळ, की न विचारता कुणाची ऊब घेणं याहून मोठी चोरी तिथे नाही.

“आधी मालक दाखवा,” तो म्हणाला. “मी त्याला विचारतो. मग उतरतो.”

“पण तुम्ही मालकाला न विचारता इतक्या लांब आलात?” केतकी म्हणाली.

“विचारलं होतं. सूर्याला.”

“सूर्याला कशाला?”

ओमरूने पायऱ्यांजवळच्या पाटीकडे एक पाय केला. ‘उन्हाळ्यात उतरण्यापूर्वी अंग धुवून घ्यावे. – ग्रामपंचायत, तळकोंड.’

“मी आपला शब्दकोश पाठ केला आहे,” तो म्हणाला. “उन्हाळा म्हणजे वर्षातला तापलेला काळ. अनेकवचन, उन्हाळे. यावरून असं दिसतं, की आपण जुने उन्हाळे या खड्ड्यात साठवून ठेवता. उन्हाळा सूर्य देतो. म्हणून मी येताना लांबूनच सूर्याची परवानगी मागितली. तो नाही म्हणाला नाही.”

केतकीला हसू आवरेना. “अहो ओमरूकाका, आमच्याकडे गरम पाण्याच्या झऱ्यालाच उन्हाळे म्हणतात! हे उन्हाळे. ह्या उन्हाळ्यात उतरायचं.”

“म्हणजे ते उन्हानेच तापतं.”

“हो. म्हणजे… नाही.” केतकी अडखळली. “ऊन म्हणजे नुसतं गरमसुद्धा. आई म्हणते ना, ऊन ऊन पेज पी.”

“आपण सूर्यप्रकाश पिता?”

“पेज हो! गरम पेज!”

“परंतु शब्द तोच.”

शब्द तोच होता, हे खरं. केतकीने आकाशाकडे पाहिलं. पौषातली सकाळ, धुकं इतकं की देवळाचा कळससुद्धा दिसत नव्हता आणि सूर्याचा पत्ता नव्हता. पाणी मात्र चटका देत होतं. जन्मापासून ती या कुंडात डुंबत होती, पण ते कशाने तापतं हे विचारावंसं तिला कधी वाटलं नव्हतं. फेरीचा सौदा पहिल्याच पायरीवर घसरत होता.

कुंडाची राखण करणारे दाजी शितप खराट्याने पायऱ्या झाडत होते. केतकीने त्यांना गाठलं.

“दाजी, हे पाणी मे महिन्यात जास्त गरम होतं का?”

“छ्या! बारा म्हैने सारखंच. पावसातपण.” दाजी खराटा टेकवून म्हणाले, “अगो, खाली देवीआईची चूल हाय. पेटलेलीच असते.”

“लाकडं कोण आणतं?” ओमरूने विचारलं.

दाजींनी पाहुण्याकडे पाहिलं, मग केतकीकडे. “ह्याला कोण घेऊन आला?” असं म्हणून ते पुन्हा झाडू लागले.

कट्ट्यावर सांगलीचे आरवाडेकाका गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. गुडघेदुखीसाठी ते दर हिवाळ्यात यायचे, आणि गुडघे बरे होवोत न होवोत, येणाऱ्या प्रत्येकाला माहिती पुरवून जायचे.

“चूल काय घेऊन बसलाय!” ते म्हणाले. “ज्वालामुखी आहे, ज्वालामुखी! हे सगळे काळे खडक कशाचे? लाव्ह्याचे. जमिनीतून उकळत आला होता. त्याचीच धग अजून आहे.”

केतकीचा चेहरा उजळला. “ऐकलंत ना? मालक, ज्वालामुखी. झालं!”

“लाव्हा कधी आला होता?” ओमरूने विचारलं.

“झाली की सहा-साडेसहा कोटी वर्षं.”

केतकीचा चेहरा आपोआप उतरला. आईने तीन हाका मारेपर्यंत ताटातला भात गार होतो. सहा कोटी वर्षं धग टिकेल होय? तिने काळ्या कातळावर हात ठेवून पाहिला. बर्फासारखा.

“वरून गार वाटतो,” आरवाडेकाका म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. “मी वाचलंय कुठेतरी.”

एव्हाना ओमरूच्या दोन पायांवर राख चढली होती. म्हणजे सूर्य नाही, चूल नाही, ज्वालामुखी नाही. विचारावं त्याचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येक उत्तराने गोंधळ वाढलेला. केतकीला आता निहारिकाचं तोंड डोळ्यांसमोर आणायला वेळ नव्हता. तिने पाहुण्याला धरून शेजारच्या, बायकांच्या कुंडाकडे नेलं. तिथे साडीचा काठ वर धरून, पाय पाण्यात सोडून आत्याआजी बसली होती. आत्याआजी म्हणजे केतकीच्या बाबांची आत्या, निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटात काय काय आहे, याचा अभ्यास करणारी). खरं तर केतकीने आधी इथेच यायला हवं होतं. पण आत्याआजी उत्तर कधी आयतं देत नसे, आधी दहा प्रश्न विचारी, म्हणून केतकी तिला टाळत होती.

“पाणी कुठलं?” आत्याआजीने सुरुवात केलीच.

“जमिनीतलं.”

“जमिनीत कुठून आलं?”

“… पावसाचं?”

“बरोबर. सह्याद्रीवर पाऊस पडतो. त्यातलं थोडं पाणी भेगांतून खाली झिरपतं. थोडंथोडकं खाली नाही, किलोमीटरच्या हिशोबात. आणि जमिनीत जितकं खोल जावं तितकं गरम. दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं. पाणी तिथे तापतं, मग त्याला भ्रंश सापडतो (भ्रंश म्हणजे खडकाला खोलवर पडलेली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात). त्या वाटेने ते गार व्हायच्या आत वर येतं. तू ज्यात डुंबतेस, तो तुझ्या पणजोबांच्या लहानपणीचा पाऊससुद्धा असेल.”

“पाण्याचं कळलं,” ओमरू क्षीण आवाजात म्हणाला. “ऊब कुणाची?”

“तेच ना आजी! खाली गरम का आहे? शेगडी आहे का?”

“थंडीत तू गोधडी घेतेस. आत उबदार होतं. गोधडीत शेगडी असते?”

“नाही. मीच असते.”

“तू काही फार गरम नाहीस. पण तुझी थोडी थोडी ऊब गोधडी बाहेर जाऊ देत नाही, ती साठते. खडक तसाच आहे, जाड गोधडी. आणि आत ऊब देणारे आहेत अणू. अणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक कण. खडकात युरेनियम, थोरियम अशा जातीचे थोडे अणू विखुरलेले असतात. ते अधूनमधून आपणहून फुटतात. लाही फुटते ना, तसे. फक्त लाहीला तापवावं लागतं, यांना नाही. कोणता कधी फुटेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. याला म्हणतात किरणोत्सार (अणू मोडून त्यातून ऊर्जा बाहेर पडणं). एका अणूची ऊब काहीच नाही. पण खडक अफाट, गोधडी जाड, आणि काळ अब्जावधी वर्षांचा. पृथ्वी तयार झाली तेव्हाची बरीच धग पोटात आहे, तीही यात मिळवायची. झालं तुमचं उन्हाळे.”

केतकीने श्वास सोडला. “मालक सापडला! अणू!”

“त्यांना कुणी दिली?” ओमरूने विचारलं.

आत्याआजीने या वेळी उलट प्रश्न केला नाही. “ताऱ्यांनी,” ती म्हणाली. “असे जड अणू तारे स्फोट होऊन मेले, एकमेकांवर आदळले, तेव्हा तयार झाले. आपला सूर्य जन्मायच्याही आधी.”

ओमरूचं सगळं अंग एकदम फिकटलं. “म्हणजे मालक मेला आहे. आता विचारू कुणाला?” आणि तो वळला. तिन्ही पाय ओढत तो पाळण्याकडे निघाला, जो आता उडणारच नव्हता.

प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, करार पुरा झाला होता, हिशोबाने ती जिंकली होती. आणि पाहुणा मात्र डोळ्यांसमोर विझत होता. ती त्याच्यामागे धावली. पुरुषांच्या कुंडाच्या कडेला, जिथून जास्तीचं पाणी नाल्यात पडतं, तिथे तिने त्याला अडवलं.

“काका, हे बघा! हे पाणी चाललंय कुठे?”

“खाली.”

“आणि वाफ?”

“वर.”

“तुम्ही उतरलात काय, न उतरलात काय, ही ऊब निघालीच आहे! आम्ही सगळे झोपतो तेव्हाही जातेच. कुणाच्या अंगातून ओढून घ्यावी लागत नाहीये. ती नाल्यात जाणार आणि गार होणार. याला चोरी कशी म्हणायची?”

ओमरूने वाहत्या नाल्याकडे पाहिलं. “आमच्याकडे ऊब अशी वाहून जात नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे ती जातच नाही कुठे. असतेच कुठे?” मग त्याने एक पाय पाण्यात घातला. पाय कोकमासारखा लाल झाला. दुसरा घातला, तिसरा घातला, आणि हंडा बुडावा तसा तो बुडूक करून बुडाला.

वाफ कमी झाली. मग थांबली. तेवढ्यात तेल चोळून झालेले आरवाडेकाका, डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणायच्या तयारीत, गळ्यापर्यंत कुंडात शिरले.

त्यांची किंकाळी देवळापर्यंत गेली.

“बर्फ! दाजी, अहो बर्फ! कुणी केलं हे?”

आत्याआजी हसतच आली. “जमीन जितकं देते त्याहून भरभर घेतलं की असंच होणार. पाहुण्याने एका बुडीत रात्रभराची ऊब घेतली. नवं पाणी येतंच आहे, उद्यापर्यंत पुन्हा तापेल. पण रोज कुणी असं उपसत राहिलं, तर कायमचं गार पडेल.”

घेतलेली ऊब अंगात जिरवून लालभडक ओमरू बाहेर आला तेव्हा धुकं कधीच विरलं होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं. तो पाळण्याचं दार उघडून उभा राहिला. “चल. करार.”

केतकीने एक पाय आत टाकला आणि थबकली. “काका, फेरीला ऊब किती लागेल?”

“करार करार आहे.”

“किती लागेल?”

ओमरूला खोटं बोलता येत नव्हतं, शब्दकोशात तो शब्द होता तरी. “फेरी मारली तर यानापर्यंत पोचायला पुरणार नाही. पुन्हा बुडी मारावी लागेल.”

केतकीने गार कुंडाकडे पाहिलं. मग आपला पाय बाहेर काढला. आपण हे का करतोय, ते तिला नीट कळलं नाही. राग मात्र आला, कुणावर तेही कळलं नाही. “जा,” ती म्हणाली. “लवकर जा.”

“आमच्या ग्रहावर सगळे वर बघतात, सूर्य कुठे आहे म्हणून,” ओमरू म्हणाला. “पायाखाली कुणी पाहिलंच नाही. पण आमचे खडकही त्याच जुन्या ताऱ्यांचे असतील. मी खणून बघेन.” आणि पाळणा वर गेला, लाल ठिपका होऊन दिसेनासा झाला.

कुणाला काय किंमत पडली, ते आता बघून टाकू. पाणी दिलं पावसाने, त्याचं त्याला काही वाटलं नाही. ऊब दिली अणूंनी, आणि देताना ते कायमचे मोडले. त्या अणूंसाठी कुठला तरी तारा फार पूर्वी जिवानिशी गेला होता. दाजींनी दिवसभर लोकांची बोलणी खाल्ली. आरवाडेकाकांनी भर पौषात गार पाणी सोसलं, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त त्यांचा मान दुखावला. ओमरू ऊब घेऊन घरी गेला. ढगांवरची फेरी गेली, ती एकट्या केतकीची.