पायऱ्या नसलेला रस्ता

कापसाच्या गाड्यांचे दिवस होते. आदिलाबादच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतून पुंजके उडत आणि महामार्गाकाठच्या बाभळींना चिकटून राहत. अशाच एका सकाळी, शाळेत शिकवायला जायची बस पकडायला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दीपमालाला पिवळं जाकीट घातलेल्या तरुणानं विचारलं, "मॅडम, आप रोज यहीं से रोड क्रॉस करते हैं?"

"काऊन? दंड लावता का?" ती मराठीतच म्हणाली.

तो हसला. "मराठी हाय का तुमी... मी हर्षदीप, वांकिडीचा. या रस्त्याचा नवा आराखडा करून राह्यलो. बसथांबे, सायकलीची वाट, स्टेशनापर्यंत जोडरस्ता, अन् पायी चालणाऱ्यांसाठी पूल."

"मंग आधी मले ओलांडू द्या. बस चालली माही."

तो तिच्या बाजूनं चालत पलीकडे आला. तिच्या केसांत अडकलेल्या कापसाकडे बोट दाखवलं—हात मात्र लावला नाही. दीपमालाला ते आवडलं.

मग रोजच भेट होऊ लागली.

"तुमी रस्ता मोजता का मले?" एकदा तिनं विचारलं.

"दोन्ही. पगार एकाचाच भेटते."

एके दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं मोबाइलवर पुलाचं चित्र दाखवलं. दीपमालाची नजर त्यातल्या पायऱ्यांवर थांबली.

"माह्या आईले याच रस्त्यावर जीपनं उडवलं होतं," ती म्हणाली. "पाय जुळला, पण वाकत नाही. विहार पलीकडं हाय. तवापासून ती तिथं गेली नाही... इतक्या पायऱ्या ती कशी चढंल?"

हर्षदीपनं चित्राकडे पाहिलं, मग मोबाइल खिशात टाकला.

पुढचे काही दिवस तो दिसला नाही. आपण उगाच लागेलसं बोललो, असं तिला वाटत राहिलं. रविवारी ती नळावरून घरी आली, तर अंगणात चटईवर तो बसलेला, आणि आई द्वारकाबाई त्याला चहा देत होत्या.

"जयभीम करून आत आला," आई म्हणाल्या. "मनते, मावशी, माह्यासंगं रस्त्यापर्यंत चाला. तुमच्या पायानं मले तो रस्ता पाहू द्या."

तो खरंच त्यांच्यासोबत चालत गेला. आई जिथं दम खायला टेकल्या, तिथं टेकला.

नंतर ग्रामसभेत, आपल्याच वरिष्ठांसमोर तो म्हणाला, "माहा पहिला आराखडा चुकला. पूल नको, रस्त्याखालून उताराची वाट पाह्यजे." खर्चावरून वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. तेव्हा दीपमाला उठली, तिच्यामागं गावातल्या बायाही उठल्या. बरीच ओढाताण झाली, पण शेवटी उताराची वाट मंजूर झाली.

हर्षदीप हैदराबादच्या कार्यालयात परतला. संध्याकाळी फोन यायचा—कामाचं विचारायला. कामाचं बोलणं लवकर संपायचं, फोन नाही.

दुसऱ्या वर्षीचा कापूस घरात आला, तेव्हा वाट खुली झाली. तो मुद्दाम आला. वर ट्रक धडधडत होते आणि खाली, गार सावलीत, द्वारकाबाई काठी टेकत विहाराकडे निघाल्या होत्या. मागून हे दोघं. आईची पाठ पाहता पाहता दीपमालाचे डोळे भरून आले.

"तुमचे उपकार कसे फेडू..." ती म्हणाली.

"चूक दाखवली तुमी. उपकार तं मीच मानाले पाह्यजे." तो थांबला. "पण मले उपकार नको. उत्तर पाह्यजे."

"प्रश्न तं इचारलाच नाही तुमी."

"आता इचारतो... जलमभर माह्यासंगं चालसान?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती तशीच उभी राहिली.

"दीपे, उत्तर दे त्याले," पुढून, मागे वळूनही न पाहता आई म्हणाल्या. "इथं खाली आवाज लय घुमते. मले सगळं ऐकू येते."

दीपमाला लाजून हसली. मग तिनं त्याचा हात धरला आणि अगदी हळू—तरी आईला ऐकू जाईल इतपत—"हो" म्हणाली.