उसना नेलेला तास

बस गं जरा. संगणकाचा तास उसना मागायला आलीस ना? देते की. गणिताची नवीन शिक्षिका तू, तुला नाही म्हणून मी कशाला वाईट होऊ? पण आधी ऐक.

त्या दिवशी मी शिक्षकखोलीतल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला गेले होते. रोजचंच ते. शीलुओ गावच्या या शाळेत मी संगणक शिकवते असं म्हणतात. खरं तर मी कुणाचा प्रोजेक्टर, कुणाचा माइक आणि मुख्याध्यापकांच्या मोबाइलमधले नातवाचे फोटो सांभाळत फिरते. शिकवायचं म्हटलं, की तुझ्या जागी होते ते फांग सर दारात उभे. वेळापत्रकही त्यांच्याच हातात.

"लाय मॅडम, आज नववीचा तास उसना द्या हं. परीक्षा तोंडावर आलीय."

"मागचे कधी परत करताय, सर?"

"अहो, संगणक काय, पोरं घरीही बडवतात!"

आणि हसत निघून गेले, बूट वाजवत. आमच्या या संगणकखोलीत बूट घालून कुणी येत नाही, दाराबाहेरच्या फळीवर काढतो आपण. हे एकटे बुटांसकट आत. अस्सा संताप यायचा म्हणून सांगू!

माझ्या आधी इथे लियाव सर होते. जेवणानंतर सगळी शाळा दिवे मालवून बाकांवर डोकी टेकते ना, तशी त्यांनीही या टेबलावर मान टाकली, आणि उठलेच नाहीत. पुढचा तास नववीचा. वर्ग आला असता तर कुणीतरी हाक मारली असती. पण तास फांग सरांनी उसना नेला होता. येणारेजाणारे दारातून बघायचे, 'झोपलेत बिचारे' म्हणून पुढे जायचे. शेवटी कळलं कसं? कुठल्याशा वर्गातला प्रोजेक्टर बंद पडला, आणि फोन उचलत नाहीत म्हणून कुणीतरी भांडायला आलं! ऐकलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तर त्या दुपारी प्रिंटर दुरुस्त करून आले, तेव्हा डाव्या हातातून कळा येत होत्या. शाळा झोपलेली. फळीवर एक तपकिरी पुरुषी जोड होता, टाचा झिजलेला. आत बघते तर कुणीच नाही. पडदे ओढलेले, यंत्रांची बारीक घरघर, खिडकीतून शेजारच्या सोया सॉसच्या कारखान्यातल्या रांजणांचा आंबूस वास. विचार करायचंही त्राण नव्हतं. डोकं टेकलं.

मग ऐकू आलं. मोजे घातलेली पावलं, फरशीवर घासत... माझ्यापाशी थांबली.

टक, टक.

झोपलेल्या पोरांना उठवायला आपण बाकावर बोट वाजवतो ना, तसंच. मला उठायचं होतं गं. मान हलेना, आवाज फुटेना, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालेलं. टक, टक... पुन्हा टक, टक, आता घाईघाईने... मग पावलं दाराकडे गेली. माझा पुढचा तास नववीचा होता. तो मी देऊन बसले होते. म्हणजे आता कुणीही येणार नव्हतं.

पण पोरं आली. अख्खा वर्ग, डोळे चोळत. त्यांची वर्गप्रमुख पेइ-रोंग, तिने मला हलवलं आणि ती किंचाळलीच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी फांग सर आले. हातात एक फळ नाही.

"सगळ्या वर्गावर शिस्तभंगाचा शेरा मारतोय. माझ्या तासातून न विचारता उठून गेली कार्टी!"

"मेले असते मी, सर."

"ते ठीक आहे हो. पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

ठीक आहे म्हणे! हाताला सलाइन होतं म्हणून, नाहीतर तीच बाटली घातली असती डोक्यात. पेइ-रोंग माझ्या उशाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "सांगितलं म्हणूनच गेलो, सर. एक म्हातारे सर आले होते. प्रत्येकाच्या बाकावर टक टक केलं, म्हणाले, तास संगणकाचा आहे, चला... तुमच्या शेजारीच तर उभे होते."

"माझ्या... शेजारी?"

"हो. पायात नुसते मोजे होते."

फांग सर तसेच वळून निघून गेले. पण माणूस सुधारला म्हणशील तर नाव नको. मी कामावर परतले त्याच दिवशी पुन्हा हजर!

"तास द्या. आणि आज झोपेच्या वेळी मी तुमच्याच खोलीत बसतो. बघू तरी कोण म्हातारा आहे तो."

"बसा खुशाल," मी म्हटलं. डोकं फिरलं होतं माझं. तरातरा निघून वाचनालयातलं यंत्र दुरुस्त करत बसले. वर नववीची पोरं फांग सरांची वाट बघत होती. सर येत नाहीत म्हणून खूश होती, बोलवायला कोण जाणार?

संध्याकाळी आले तर फळीवर काळे चकचकीत बूट. आयुष्यात पहिल्यांदा काढले होते त्यांनी. आत माझ्या टेबलावर मान टाकलेली. मी वाजवलं गं, टक टक. किती वेळ वाजवत होते. ते गार पडले होते.

ते काळे बूट मी स्वतः त्यांच्या बायकोच्या हातात दिले. रडत होती बिचारी.

तर ने तू तास. माझी ना नाही. फक्त जाताना फळीवर नजर टाक. तुझ्या बुटांशेजारी तपकिरी जोड असेल, त्याची मला सवय झालीय. पण मघाशी तू आत आलीस ना, तेव्हा मी बघितलं... काळेही आहेत.