स्वभावाबाहेरचं वाक्य

सकाळच्या चहाबरोबर उज्ज्वला शिंत्रे आदल्या दिवशी आपण काय काय बोललो ते वाचत असे. त्या मंगळवारी आलेल्या अहवालानुसार सोमवारी ती एकशे बारा लोकांशी बोलली होती. कोइमतूरच्या एका पंप कारखानदाराला तिने मुलीच्या लग्नाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. साच्याच्या वाळूच्या टंचाईवर तिने एक टिपण लिहिलं होतं आणि ते साडेतीन हजार जणांनी वाचलं होतं. राजकोटच्या एका खरेदी अधिकाऱ्याशी वीस मिनिटं गप्पा मारून तिने पुढच्या तिमाहीचं काम पक्कं केलं होतं. यातल्या एकाही माणसाला ती कधी भेटली नव्हती. सोमवारी दिवसभर ती दाढ दुखते म्हणून घरी झोपून होती.

बोलली होती ती तिची अनुव्यक्ती. माणसाच्या पाठोपाठ चालते, त्याच्यासारखं बोलते, म्हणून अनुव्यक्ती. पूर्वी व्यवसायपेठ या धंदेवाइकांच्या संकेतस्थळावर लोक स्वतःच आपली माहिती लिहीत, मतं मांडत, ओळखी वाढवत. धंदा वाढवायचा तर तिथे रोज दिसायला हवं हे सगळ्यांना कळलं होतं, पण रोज दिसायला वेळ कुणालाच नव्हता. तेव्हा हे काम यंत्राकडे गेलं. चाळीस दिवस शर्टाच्या गुंडीएवढं एक टिपणयंत्र अंगावर बाळगायचं. ते तुमचं बोलणं टिपून घेतं आणि त्यावरून तुमची अनुव्यक्ती घडते. पुढे ती अव्याहत पेठेवर असते, थकत नाही, चिडत नाही, कुणाचा वाढदिवस विसरत नाही.

उज्ज्वलाला तिची गरज इतरांपेक्षा जास्त होती. नवरा गेला तेव्हा कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या फाउंड्रीकडे दोनच गिऱ्हाइकं उरली होती. ओतकामाच्या धंद्यात बाईमाणसाशी दराची बोलणी करायला लोक बिचकत, आणि तीही चारचौघांत बोलायला अडखळे. अनुव्यक्ती अडखळत नव्हती. तीन वर्षांत शिंत्रे कास्टिंग्जचं नाव पाच राज्यांत गेलं.

ती अहवाल वाचत असतानाच आण्णाप्पा मगदूम केबिनच्या दारात उभा राहिला. तो भट्टीवरचा मुख्य मेस्त्री. तीस वर्षं याच कारखान्यात होता आणि मालकिणीला वैनी म्हणत होता.

"वैनी, जरा बाहेर येतासा का?"

"काय झालं?"

"हितं न्हाई सांगत. बघायलाच या."

भट्टीमागे लोखंडी बाकावर बोटभर जाडीच्या कांड्या रचलेल्या होत्या. भट्टीतून प्रत्येक ओत काढताना त्याच लोखंडाची एक कांडी ओतून ठेवायची आणि थंड झाली की तोडून बघायची, ही जुनी रीत. चांगलं लोखंड तुटण्याआधी थोडं वाकतं. भट्टीत मॅग्नेशियम पुरेसं पडलं तर त्याला तो चिवटपणा येतो, कमी पडलं तर ते खडूसारखं होतं. दोन वर्षांपूर्वी मॅग्नेशियम मोजणारं यंत्र आलं तेव्हा कांड्या तोडणं उज्ज्वलाने बंद केलं होतं. यंत्र असताना वेळ कशाला घालवायचा, असं तिचं म्हणणं होतं. ओतून ठेवायची सवय मात्र आण्णाप्पाने मोडली नव्हती.

त्याने एक कांडी चिमट्यात धरली आणि घण मारला. टक्कन दोन तुकडे झाले.

"वाकली न्हाई," तो म्हणाला. "अकरा दिवसांच्या सगळ्या तोडल्या. एक बी वाकली न्हाई. त्याच्या आधीच्या वाकत्यात."

"आणि यंत्र?"

"यंत्र रोज बरोबरच दाखवतंय. ते तपासून घ्यायची तारीख मागच्या म्हैन्यात गेली. मी दोन बार आठवण केलती."

त्याने आठवण केली होती. दोन्ही वेळा तिने पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं होतं, कारण यंत्र तपासायचं तर दोन दिवस भट्टी बंद ठेवावी लागली असती.

"अकरा दिवसांत काय ओतलं?"

"ब्रेकचं हात. लिफ्टवाल्यांचं."

तेवीसशे नग. लिफ्ट खाली येताना तिला धरून ठेवणारा लोखंडी हात. माल चाकणच्या कंपनीत पोहोचला होता, आणि त्यातला निम्मा एव्हाना इमारतींमध्ये बसला असणार.

"म्हणजे बसल्या बसल्या तुटतील?"

"बसल्या बसल्या न्हाई. जोराचा हिसका बसला की. ज्या दिवशी ब्रेकची खरी गरज लागंल, त्या दिवशी."

उज्ज्वला केबिनमध्ये गेली आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःच्या हाताने पेठेवर लिहायला बसली. लिफ्ट कंपनीच्या खरेदी प्रमुखांना तिने चार ओळी लिहिल्या. आमच्याकडून सदोष माल आला आहे. यंत्राची तपासणी मी पुढे ढकलली, चूक माझी आहे. बसवलेले सगळे हात ताबडतोब काढा, तोवर लिफ्ट बंद ठेवा.

पडद्यावर उत्तर आलं. 'हा मजकूर आपल्या स्वभावाशी जुळत नाही. जुळणी तीन टक्के. आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याची शक्यता लक्षात घेऊन आपलं खातं सुरक्षित करण्यात आलं आहे.'

पाठोपाठ तिच्या अनुव्यक्तीने त्याच खरेदी प्रमुखांना पाठवलेलं पत्र तिला वाचायला मिळालं. माझ्या नावाने कुणी खोडसाळ संदेश पाठवायचा प्रयत्न केल्याचं कळलं, तसदीबद्दल क्षमस्व, आमचा प्रत्येक नग कसून तपासूनच बाहेर पडतो. पत्र सुरेख होतं. तिला स्वतःला असं लिहिता आलं नसतं.

कंपनीला फोन केला तर पलीकडच्या आवाजाने नम्रपणे सांगितलं की शिंत्रे मॅडमशी आत्ताच बोलणं झालं आहे. पोलीस चौकीतल्या फौजदाराने तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि तिच्याच नावाने कुणी तोतया फिरत असल्याची तक्रार नोंदवून घेतली. त्याच्यासमोरच्या पडद्यावर तेच आलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती पुण्याला निघाली.

व्यवसायपेठेच्या कचेरीत स्वभाव-पडताळणी नावाचा विभाग होता. डॉ. निखत मुल्ला त्याच्या प्रमुख. बाई मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले. बुधवारी सकाळी त्यांनी उज्ज्वलाला समोर बसवलं आणि कांडीचे दोन तुकडे हातात घेऊन नीट पाहिले.

"तुम्ही खऱ्या आहात, याबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या.

"मग तसं सांगा ना त्यांना."

"माझ्या सांगण्यावर चालत नाही ते. चालू नये म्हणूनच बांधलंय." त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले. "समजा, तुमच्या नणंदेचा फोन आला. आवाज तिचाच. पण ती गोड बोलायला लागली, तर तुम्हाला काय वाटेल?"

"कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटेल."

"बघा. वीस वर्षांपूर्वी आवाज, चेहरा, सही, बोटांचे ठसे, सगळ्याची हुबेहूब नक्कल व्हायला लागली. लोकांची घरंच्या घरं परस्पर विकली गेली. तेव्हा एकच ओळख उरली, माणूस काय बोलेल आणि काय बोलणार नाही. स्वभाव. तो चोरता येत नाही. तुमची हजारो वाक्यं आमच्याकडे आहेत. नवीन वाक्य आलं की यंत्र बघतं, ही बाई हे म्हणेल का? चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं तर ती तुम्ही नव्हे. बँका, पोलीस, कोर्टं, सगळे आता याच्यावरच चालतात."

"पण मी म्हटलंय ते."

"आज म्हटलंत. याआधी कधी?" डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "टिपणयंत्र अंगावर होतं त्या चाळीस दिवसांत 'माझं चुकलं' किंवा तशा अर्थाचं वाक्य शून्य वेळा. चूक दुसऱ्या कुणाची तरी असल्याचं सांगणं एकोणीस वेळा. वाळूवाला, वीज मंडळ, ट्रकवाला. सात वेळा मेस्त्री."

ओतकामाच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर माल बाद झाला असं कुणी म्हणत नाही, थोडं रिवर्क निघालं म्हणतात. लग्न होऊन आल्यावर नवऱ्याने तिला पहिली हीच गोष्ट शिकवली होती. टिपणयंत्र लावायला आलेल्या मुलीने सांगितलं होतं, गिऱ्हाइकासमोर असता तशाच राहा. म्हणून कामगाराची माफी मागायची वेळ आली, हिशेब चुकला, कधी रडू आलं, तर ती यंत्र काढून टेबलाच्या खणात टाकायची आणि चेहरा धुऊन पुन्हा लावायची.

"ते खणात होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आता उपाय काय?"

"दोन आहेत. एक, नव्याने शिकवणं. रोज एखादी लहानशी चूक कबूल करायची, मग थोडी मोठी. हळूहळू यंत्र मानायला लागेल की ही बाई असंही बोलते. नव्वद दिवस लागतील."

"नव्वद दिवस लिफ्ट चालूच राहणार?"

"हो."

"आणि दुसरा?"

डॉक्टरांनी यंत्राला घडलेली हकीकत दिली आणि विचारलं की उज्ज्वला शिंत्रे हे कसं सांगतील. क्षणात मजकूर आला.

'आमच्या एका जुन्या मेस्त्रीने, आण्णाप्पा मगदूम यांनी, कामचुकारपणा करून चाचण्या टाळल्या आणि ती बाब माझ्यापासून दडवून ठेवली, असं आज माझ्या निदर्शनास आलं. तेवीसशे नग सदोष असण्याची शक्यता आहे. कृपया लिफ्ट तातडीने थांबवाव्यात. संबंधितावर मी कठोर कारवाई करत आहे.'

खाली आकडा होता. जुळणी शहाण्णव टक्के.

"हे खोटं आहे," उज्ज्वला म्हणाली.

"मला माहीत आहे."

"त्यानेच शोधून काढलं सगळं."

"तेही माहीत आहे. त्यांचं नाव काढून बघितलं, आकडा एकोणचाळीसवर येतो. एका टक्क्याने पडतं."

"तुम्ही एक टक्का इकडचा तिकडे नाही करू शकत?"

"आज तुमच्यासाठी केला तर उद्या दारात ठगांची रांग लागेल, आणि प्रत्येकाकडे अशीच रडकथा असेल. समितीकडे अर्ज मी आत्ता टाकते. तीन आठवड्यांत सुनावणी होईल." डॉक्टरांचा आवाज थोडा उतरला. "शिंत्रेबाई, मी तुम्हाला हे पाठवा असं सांगत नाही. पाठवू नका असंही मला सांगवत नाही."

उज्ज्वलाने फोन हातात घेतला, आण्णाप्पाचा नंबर काढला आणि फोन परत खाली ठेवला. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. म्हणूनच तिला विचारवेना. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, कचेऱ्या भरायची वेळ. कुठल्या तरी इमारतीत पंधरा माणसं लिफ्टमध्ये दाटीने उभी असतील. तिने मजकूर पाठवला.

सव्वाअकराला चाकणच्या कंपनीने पाच राज्यांतल्या लिफ्ट थांबवल्या. पुढच्या आठ दिवसांत सगळे हात उतरवले गेले. परीक्षेसाठी ताणलेल्या पहिल्या पन्नासातले एकेचाळीस तुटले. एकाही माणसाला इजा झाली नाही. वेळीच सावध केल्याबद्दल कंपनीने उज्ज्वलाचे जाहीर आभार मानले आणि पेठेवर तिच्या ओळखी दुपटीने वाढल्या. आण्णाप्पाचा कारागीर परवाना त्याच दुपारी गोठवला गेला. लोकांच्या जिवाशी खेळल्याबद्दल त्याच्यावर खटला होणार, की नुसता परवाना कायमचा जाणार, ते कामगार न्यायाधिकरण ठरवणार होतं.

दरम्यान उज्ज्वलाने खरी हकीकत सांगायचा अकरा वेळा प्रयत्न केला. 'मगदूम निर्दोष आहेत' या वाक्याची जुळणी आता एक टक्का आली. शहाण्णव टक्क्यांचं ते पत्रही तिच्या स्वभावात जमा झालं होतं.

पेठेच्या समितीची तारीख अजून यायची होती. त्याआधी न्यायाधिकरणाच्या सुनावणीचा दिवस आला आणि ती आण्णाप्पाला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेली. वाटेत तिने त्याला सगळं सांगितलं, डॉक्टर, आकडे, फोन उचलून परत ठेवला तेही.

"लिफ्ट थांबल्या न्हवं?" त्याने विचारलं.

"थांबल्या."

"मग झालं की. आता तिथं खरं सांगू या दोघं. माणसंच बसल्यात तिथं, कळंल त्यास्नी."

न्यायाधिकरणाच्या दारात टेबलाशी एक कारकून बसला होता. त्याने नावं विचारली, यादी बघितली आणि मान हलवली.

"तुमची सुनावणी लागणार नाही, बाई. निकाल सकाळीच झाला."

"आमचं ऐकून न घेता?"

"दोघांचंही म्हणणं आलंय की आमच्याकडे. तुमच्या अनुव्यक्तीने आरोप केला, यांच्या अनुव्यक्तीने तो कबूल केला. वादच नाही, तर सुनावणी कशाची?"

परवानाधारक कारागिरांनाही आता अनुव्यक्ती घ्यावी लागते. आण्णाप्पाने त्याची सहा वर्षांपूर्वी घेतली होती आणि नंतर तो ते विसरूनही गेला होता.

"मी कुठं कबूल केलं?" तो म्हणाला. "मी काय केलंच न्हाई."

कारकुनाने हे वाक्य टंकलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. जुळणी दोन टक्के.

"काका, तुम्ही बाहेरच्या माणसासमोर मालकांचा शब्द एकदाही खोडलेला नाही," कारकून समजावणीच्या सुरात म्हणाला. "टिपणयंत्राचे चाळीस दिवस आणि पुढे सहा वर्षं तुमची अनुव्यक्ती बोलली ते, सगळं आहे इथं. तुम्ही असं म्हणणार नाही."

त्याने निकालाची प्रत उज्ज्वलाच्या हातात दिली आणि पुढचं नाव पुकारलं. दोघं बाजूच्या बाकावर बसली. कोर्टाचे कागद वाचायची आण्णाप्पाला सवय नव्हती आणि चष्मा तो गाडीतच विसरला होता.

"काय म्हणलो मी, ते तरी वाचून दाखवा, वैनी."

तिने कागद उलगडला. कबुलीजबाब दुसऱ्या पानावर होता. तिने मनातल्या मनात तो एकदा वाचला.

"वाचा की."

"वैनींची यात काहीही चूक नाही," तिने पहिलं वाक्य वाचलं.

आण्णाप्पाने मान डोलावली. तो पुढचं ऐकायला थांबला होता.