लाखेच्या रंगाची साडी

टिक्.

पहाटेच्या निवांत घरात तेवढाच एक आवाज झाला. पूंगोडीनं लेकीच्या अंगठ्याचं नख कापलं आणि नखाची कोर उडून तिच्या मांडीवर पडली.

"हळू ना, अम्मा! मिस जराही दुखू देत नाहीत."

"मिस नखं कापतात तुमची?"

"सोमवारी. रांगेत हात पुढे करायचे. ज्यांची वाढली त्यांची कापतात." पाच वर्षांच्या यालिनीनं करंगळी मुठीत लपवली. "ही नाही कापायची. ही मिससाठी."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी, सव्वासहाला.

"अक्का, आणखी एक साडी कापलेली." दुकानातल्या शेन्बगमचा आवाज ओळखू येत नव्हता. "चौथी. लाखेच्या रंगाची ती, मुहूर्ताची. बासष्ट हजारांची. मुदलाळी म्हणतात, दार उघडायच्या आत कबूल कर, नाहीतर दुपारच्या बसनं गावी जा. आणि अक्का... ते तुमच्या कात्रीबद्दलही विचारतायत."

पूंगोडीनं नेलकटर तसंच पर्समध्ये टाकलं. नवरा तिरुप्पूरच्या गिरणीत, शेजारीण देवळात. पोरीला कडेवर घेऊन ती निघाली.

मदुरैच्या पवळमल्ली सिल्क्समध्ये ती तिसऱ्या मजल्यावर पिको-फॉल करायची. आज आडी महिन्याचा पहिला दिवस. आडीत लग्नं लागत नाहीत, म्हणून सगळी दुकानं सूट देतात. शटरबाहेर बायकांची रांग आत्ताच कोपरा वळून गेली होती. पण आत दिवे अर्धेच लागले होते, आणि काचेतल्या पुतळ्यांना अजून साड्या नेसवलेल्या नव्हत्या. उघडेबोडके पुतळे अंधारातून बघत होते. यालिनीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

दारावरच्या पहारेकऱ्यानं पर्स उलटी केली. दुसरी साडी कापली गेल्यापासून हीच पद्धत होती. नोकर असो की गिऱ्हाईक, कात्री-ब्लेड आत न्यायचं नाही. त्यानं नेलकटर पाहिलं आणि परत टाकलं. "चालतंय. जा."

मालकांना सगळे मुदलाळी म्हणायचे. नाच्चियप्पन मुदलाळी गादीवर बसले होते. समोर ती साडी, आणि साडीसमोर शेन्बगम. वीस वर्षांची पोर, डोळे सुजलेले.

"ये, पूंगोडी. तुझी कात्री कुठं असते?"

"वर. मशीनला साखळीनं बांधलेली. तुम्हीच बांधायला लावलीत."

"हं. मग या पोरीनंच कापली. हिच्याच काउंटरच्या चारही."

"माझ्या हाताला काय वेड लागलंय का, मुदलाळी?" शेन्बगम म्हणाली. "प्रत्येक साडीमागं माझा पगार कापताय तुम्ही. मी माझाच पगार कापू?"

"आधी वाटलं उंदीर..." मुदलाळी म्हणाले.

"उंदीर कुरतडतो," पूंगोडी हळूच म्हणाली. "धागे ओढले जातात. बघू मी?"

तिनं साडी दिव्याखाली धरली. काठाला एक छोटासा चावा होता. चंद्राच्या कोरीसारखा, धागे एकसारखे तुटलेले. कात्रीचा घाव सरळ जातो, ब्लेडचा तर रेघेसारखा. हा वळलेला होता.

"बाकीच्या तिन्ही अशाच होत्या?"

"अशाच," शेन्बगम म्हणाली. "आणि याच जागी. खालच्या काठाला, सुरुवातीच्या टोकाशी."

पूंगोडी थांबली. तिनं साडीचं ते टोक स्वतःच्या कमरेशी लावलं, एक वेढा घेतला आणि खाली पाहिलं.

"मुदलाळी, कापलेल्या साड्यांचं काय करता?"

"सेकंडच्या टेबलावर, अर्ध्या किमतीत. नाव लिहीत नाही, रोख घ्यायची."

"आणि मुहूर्ताच्या साड्यांना आडीची सूट?"

"नाही! तेवढ्यावर तर दुकान चालतं."

"शेन्बगम, गेल्या आठवड्यात ही साडी कुणाकुणाला उलगडून दाखवलीस?"

"तिघींना. एक त्या डॉक्टरीणबाई. दुसरी ती रुसलेली सून, सासूसोबत आलेली. आणि तुमच्या यालिनीच्या तिलकवती मिस. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलंय ना आडीनंतर, आवणीत." ती आठवू लागली. "तिघींनीही दोन-दोन तास बसवलं. मी पाणी आणायला गेले, दुसरे गठ्ठे काढायला वळले... लक्ष कुणावर ठेवू, अक्का?"

पूंगोडी लेकीला घेऊन वर गेली आणि तिला मशीनखाली बसवलं. मशीनजवळ रेशमी चिंध्यांची पिशवी होती. तिनं पर्समध्ये हात घातला, काहीतरी काढलं आणि एका चिंधीच्या कडेला लावलं. टिक्. तिनं चिंधी उजेडात धरली आणि घडी करून कमरेला खोचली.

खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "साडी सेकंडच्या ढिगात टाका. अगदी तळाशी. भोक घडीत राहू दे. आणि मुदलाळी, तुम्ही पडद्यामागं बसा."

"कोण ते सांग ना!"

"चुकीचं नाव घेतलं तर ते नाव मलाच गिळायला लागेल. थोडं थांबा."

सात वाजता शटर वर गेलं.

तासाभरात डॉक्टरीणबाई ढिगापाशी पोचल्या. लाखेच्या रंगाचा काठ दिसताच त्यांनी साडी ओढून काढली. "डाग कुठाय? आधी ते दाखव." पदर पसरला, काठाची जर चोळून पाहिली, निऱ्यांची जागा पाहिली. "काहीच दिसत नाही म्हणजे नक्की मोठं काहीतरी असणार. नको बाई." आणि निघून गेल्या.

रुसलेली सून आली. सासूनं साडी दाखवताच तिनं नाक मुरडलं. "मुहूर्ताला फाटकी नेसू? तुम्हीच नेसा, अत्तै." सासूनं चारचौघांत तिला चिमटा काढला.

साडी पुन्हा ढिगाच्या तळाशी गेली. साडेनऊ वाजले. शेन्बगमची बस साडेबाराची होती.

"मिस!"

मशीनखाली कंटाळलेली यालिनी जिना उतरून केव्हा आली कळलंच नाही. ती धावत गेली आणि एका बाईंच्या कमरेला बिलगली. तिलकवती मिस हसल्या, तिला उचलून घेतलं. "अगं कण्णे, तू इथं?" आणि तिला कडेवर ठेवूनच दुसरा हात ढिगात घातला. खोल. तळापर्यंत. लाखेचा रंग वर आला.

"ही दे गं. रांग फार आहे, लवकर बांध."

"मिस, एकदा बघून..." शेन्बगमनं घडीला हात घातला.

"बांध, बांध."

त्यांनी पैसे पुढे केले. पूंगोडी गळ्यातला टेप काढत समोर आली.

"मिस, आतल्या खोलीत येता? थोडं बोलायचंय."

पडद्यामागून उठून मुदलाळीही खोलीत आले. यालिनीला पूंगोडीनं दाराबाहेर स्टुलावर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"मुदलाळी, साड्या कुणी द्वेषानं कापल्या असत्या, तर पदर कापला असता. दिसेल तिथं कापतात. निष्काळजीपणानं फाटल्या असत्या, तर दर वेळी वेगळ्या जागी. पण चारही ठिकाणी घाव एकाच टोकाला. जे टोक आपण सगळ्यात आधी कमरेला खोचतो आणि त्यावर पुढचा वेढा येतो. नेसल्यावर ते कुणालाच दिसत नाही. म्हणजे कापणारीला साडी बिघडवायची नव्हती. तिला ती नेसवायची होती. मुहूर्ताच्या साडीला सूट नाही. सूट फक्त फाटकीला. म्हणून एवढंच फाडायचं, की किंमत अर्धी होईल आणि शोभा जराही कमी होणार नाही."

"पण कशानं कापली? दारावर तपासतात!"

"पहारेकरी एक वस्तू परत देतो. मलाही दिली." तिनं चिंधी टेबलावर ठेवली. काठाला तीच कोर. "नेलकटर."

मिसनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"ढिगात हात घालणाऱ्या प्रत्येक बाईनं विचारलं, डाग कुठाय. मिस, तुम्ही एकतीस हजार काढलेत आणि साडी उलगडलीसुद्धा नाहीत."

"माझा दुकानावर विश्वास आहे." मिस ताठ बसल्या. "एवढ्यावरून बाईमाणसाला चोर ठरवता?"

"तुमच्या किल्ल्या देता? पोरांची नखं कापता ते नेलकटर त्यातच असतं ना?"

जुडगं टेबलावर वाजलं. त्यात चांदीच्या रंगाचं नेलकटर होतं. पूंगोडीनं सुईच्या टोकानं त्याच्या फटीतून अलगद एक धागा उचलला. लाखेच्या रंगाचा, आणि त्याला चिकटलेला जरीचा केसभर तुकडा.



"लेकीच्या सासूनं दुकानाचं नाव सांगितलं," मिस शेवटी म्हणाल्या. "रंगसुद्धा सांगितला. साखरपुड्याची, विहिणीची, नणंदेची, आणि ही. खासगी बालवाडीत काय मिळतं तुम्हाला माहीत आहे. वेढ्याच्या आत तर जाणार होतं ते. एवढ्या मोठ्या दुकानाचं काय बिघडणार होतं? कुणाचं काय गेलं?"

"माझं, मिस." दारात शेन्बगम उभी होती. "चार महिने मी घरी पैसे पाठवले नाहीत. आई विचारते, तिकडं काय नाद लागलाय."

तिलकवती मिसनी तोंडावर पदर घेतला.

मुदलाळी उठले. "पोरी, तुझा कापलेला सगळा पगार आज मिळेल. बसचं विसर." मग मिसकडे न बघता म्हणाले, "पोलिसांत जात नाही. आडीच्या पहिल्या दिवशी दुकानात पोलीस नकोत. पण तुमच्या शाळेच्या चालकांना घरी फोन करणार. आत्ताच. लहान पोरं तुमच्या हातात असतात."

"मुदलाळी..." पूंगोडी बोलायला गेली. ते आधीच नंबर फिरवत होते.

मिस मान खाली घालून बाहेर पडल्या. स्टुलावरच्या यालिनीनं हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. किल्ल्यांचं जुडगं टेबलावरच राहिलं होतं. शेन्बगम ते घेऊन त्यांच्यामागं धावली.

पूंगोडी लेकीसमोर उकिडवी बसली. तिचे केस नीट करू लागली. ते विस्कटलेले नव्हतेच.

यालिनीनं मूठ उघडली आणि करंगळी पुढं केली. एकच नख, वाढलेलं.

"अम्मा, उद्या सोमवार ना? मिस कापतील ना हे?"